भट्टीतल्या हातखुणा

मे लागला की मला घरात बसवत नाही, ऑफिसात बसवत नाही, आणि बाहेर तर पाऊल टाकायची सोय नसते. नोएडाचा उन्हाळा ज्यांनी अंगावर घेतला नाही त्यांना काय सांगायचं! सकाळचा चहा पोटात जिरायच्या आत लू, तो भाजून काढणारा वारा, सुटते. रस्त्याकडेचा बहावा मात्र कुणाची भीडभाड न ठेवता पिवळाधमक फुललेला. फालसेवाला सायकल ढकलत ओरडत जातो, मेट्रोच्या खांबांच्या सावलीत रिक्षावाले तोंडावर गमछा टाकून पडलेले असतात, आणि मी खिडकीशी. पडदा ओढते, सारते, पाणी पिते, पुन्हा खिडकीशी. संजयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, आता सवय झाली आहे. "लागला वाटतं तुझा मे," एवढं म्हणून तो गुरुग्रामला कामावर निघून जातो.

यंदा त्यात आणखी एक भर पडली. आमच्या लॅबमध्ये नवे सर्व्हर आले आणि ते आवाजच करत नाहीत. पूर्वी पंखे असायचे, आता आतून पाण्याच्या नळ्या फिरवल्या आहेत. गार पाणी आत जातं, उष्णता घेऊन बाहेर येतं, संपलं. नव्याने लागलेली पोरंपोरी त्या रॅकपाशी उभी राहून चक्क कुजबुजत होती. मी विचारलं, "चालू तरी आहे का हे?" "फुल लोडवर आहे, मॅम," त्यातली एक फोनमधून मान न काढता म्हणाली. मी रॅकच्या दाराला हात लावून पाहिला. खरंच चालू होतं. मला इतकं कसंनुसं झालं की मीटिंग सोडून खाली पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले, भर उन्हात. वेडच म्हणायचं.

पण मला ती शांतता सहन होईना. आमच्या लॅबमध्ये आवाज होता तेव्हाचा एक उन्हाळा माझ्या डोक्यात जो सुरू झाला तो अजून थांबलेला नाही.

तेव्हा मेट्रो नोएडात नुकती आली होती. जिकडे पाहावं तिकडे क्रेन, अर्धवट उभे टॉवर, त्यांच्यावर लटकलेली हिरवी जाळी आणि होर्डिंगवर पोहण्याच्या तलावाची चित्रं. नळाला पाण्याचा पत्ता नाही, पण तलावाची चित्रं बघून घ्या! गावांची नावं पुसून सेक्टरांचे आकडे आले होते. आमचा जनरेटर आणि एसी सांभाळणारे त्यागी तिथल्याच एका गावचे. मिशांना पीळ देत ते कुणाही नव्या माणसाला सांगायचे, "जहाँ आप बैठे हो ना, वहाँ हमारा गन्ना खड़ा होता था." सांगताना दुःखबिःख काही नसायचं, उलट यजमानाचा थाट असायचा.

आमची कंपनी गिऱ्हाईक सांगेल तसे सर्व्हर जुळवून द्यायची. सर्व्हर म्हणजे पोलादी खोक्यातला, बिनपडद्याचा संगणक. आमची खोकी त्यातली दांडगट. विटांच्या दोन-अडीच थरांच्या उंचीत आठ-आठ जीपीयू कार्डं बसवायची. ही कार्डं मुळात व्हिडिओ गेममधली चित्रं हलवायला निघाली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की एकाच वेळी हजारो बारकी गणितं करायची तर यांच्याइतकं कामसू कुणी नाही. मग वाऱ्यांची गणितं यांच्याकडे, भूकंपांची यांच्याकडे, औषधांच्या रेणूंचीही यांच्याकडेच. एक गिऱ्हाईक म्हणणार, कार्डं चार पुरेत, डिस्क वाढवा. दुसरं म्हणणार, डिस्क राहू द्या, कार्डं ठासून भरा. पंगतीत कुणी मठ्ठा नको म्हणतं, कुणी जिलबी अजून वाढा म्हणतं, तसलाच प्रकार. माझं काम एवढंच, की गिऱ्हाईक मागतंय ते सगळं एका खोक्यात मावेल का, त्याला वीज पुरेल का, आणि मुख्य म्हणजे तापून मरणार तर नाही ना, हे पाहायचं. गिऱ्हाइकाला सगळंच हवं असतं. मी नाही म्हणायची. नाही म्हणण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्या वर्षी हवामानाचं गणित करणाऱ्या एका संस्थेची ऑर्डर होती. काही रिकामं ठेवायचं नाही, सगळ्या खोबणी भरलेल्या हव्यात. माल पाठवण्याआधी सगळी मशिनं पूर्ण ताकदीनं आठवडेच्या आठवडे चालवून पाहायची असतात. कच्चं काही असेल तर ते आमच्याकडेच मरू दे, गिऱ्हाइकाकडे नको, असा हिशोब. याला आमच्या लॅबमध्ये भट्टी म्हणायचे. "भट्टी लगी है," असं दारावर खडूनं लिहिलेलं असायचं. बाहेर लू, आत भट्टी, आणि दोन्हींच्या मध्ये एसी जीव तोडून लढतोय. मशिनच्या पुढच्या बाजूला हिवाळा असायचा आणि मागच्या बाजूला राजस्थान. दोन्हींत चार पावलांचं अंतर.

आणि आवाज! त्या बारक्या पंख्यांचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्यानं स्वतःला नशीबवान समजावं. गुणगुण नव्हे, घरघर नव्हे, एक सलग किंचाळी. शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला कळायचं नाही. सगळ्यांच्या कानांवर मोठी झाकणं, इअर मफ म्हणतात ती. मग बोलायचं कसं? आमच्या लॅबनं आपोआप एक रीत पाडली होती. काही सांगायचं असेल तर आधी त्या माणसाच्या समोर जायचं. पाठीमागून नाही, बाजूने नाही, समोर. खांद्याला हात लावायचा, तो आपल्याकडे बघेपर्यंत थांबायचं, आणि मग ओठ नीट हलवत, हातांनी बोलायचं. मूठ वळली की थांब. तळहात जमिनीकडे दाबला की तापलंय, जरा खाली घे. बोट गोल फिरवून मान टाकली की पंखा मेला. मान टाकायची ही खूण शबनमनं काढलेली. शबनम बुलंदशहरची, मशिनवर गणितं चढवून त्यांची परीक्षा घेणारी, आणि इतक्या मनापासून मान टाकायची की पंख्याबद्दल वाईट वाटावं.

त्याच वर्षी आई माझ्याकडे राहायला आली होती. बाबा गेल्यावर मिरजेच्या घरात ती एकटी कशी राहणार, म्हणून मीच हट्टानं आणली. आई प्राथमिक शाळेतली मास्तरीण. आवाज असा की मैदानाच्या टोकाला खोड्या करणाऱ्या पोराचा हात जागीच थांबावा. पण कान हळूहळू मिटत गेले होते. आम्ही दिल्लीतल्या चांगल्या डॉक्टरकडून मशीन आणलं, ते तिनं आठवडाभर लावलं आणि कपाटात ठेवून दिलं. म्हणाली, "यात कुकर ऐकू येतो, भांडी ऐकू येतात, तुझ्या नवऱ्याच्या चपला ऐकू येतात. माणूस तेवढा ऐकू येत नाही."

आमचं घर म्हणजे कसं, तर सगळे बोलतात आणि कुणीच कुणाकडे बघत नाही. मी ओट्याकडे तोंड करून बोलते. संजय बुटाची लेस बांधता बांधता बोलतो. मुक्ता, आमची लेक, तेव्हा आठवीत होती. ती तर फोनशीच बोलायची, तेही अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी, आणि मराठी औषधापुरतं. आई आमच्या तोंडांमागे मान वळवत बसायची. आम्ही हसलो की तीही हसायची, आणि मग विचारायची, "काय झालं गं?" मुक्ता म्हणायची, "काही नाही आजी, ऐसे ही." किती वेळा म्हणायची! बहिऱ्या माणसाच्या वाट्याला जगातलं सगळ्यात जास्त काही येत असेल तर हे 'काही नाही'. पण हे मला आता सुचतंय. तेव्हा मला तिची काळजी होती ती वेगळीच. ती जेवते का, झोपते का, उकडतंय का.

उकडत तर होतंच. मेच्या ऐन मध्यावर आमच्या सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. वायरमन येत होते, बघून जात होते. सोसायटीचा जनरेटर कसाबसा लिफ्ट ओढायचा. नवव्या मजल्यावरचा आमचा फ्लॅट दुपारी असा तापायचा की भिंतीला टेकता यायचं नाही. मुक्ताला मैत्रिणीकडे धाडलं, पण आईला कुठे ठेवायचं? एकटी ठेवली आणि भोवळबिवळ आली तर? बेल वाजवली तरी तिला कळणार नाही. मी साहेबांकडे गेले आणि सरळ सांगितलं, मला एक तर रजा द्या, नाहीतर माझ्या आईला लॅबमध्ये बसू द्या. भट्टी चालू असताना मला रजा म्हणजे अशक्यच. साहेब पंजाबी, आईच्या नावानं विरघळणारे. "माताजी को ले आइए, यार. बस कुछ छुएँ नहीं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेले. धूळ नको म्हणून लॅबबाहेर चपला काढाव्या लागायच्या. ते बघूनच ती खूश. "बाहेर चपला काढतात म्हणजे चांगली माणसं असणार," असा निकाल देऊन टाकला. आत थंड म्हणून शाल, पायात मोजे. मेमध्ये शाल घेऊन बसलेली अख्ख्या नोएडात बहुधा एकटीच बाई! मी तिला पुढच्या, थंड बाजूला खुर्ची दिली. शबनम लगबगीनं एक इअर मफ घेऊन आली आणि तिच्या कानांवर चढवायला लागली. आईनं ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं, आणि मोठ्यांदा हसली. मला ऐकू आलं नाही, पण तोंड दिसलं. "अगं बाई, कुलूपबंद घराला वरून आणखी कुलूप?" मी शबनमला खुणेनं सांगितलं तशी तीही पोट धरून हसली.

मी कामाला लागले. दिवसभर मागे बघायला फुरसत नव्हती. एक खोकं सारखं तापत होतं, त्याच्यामागे मी. जेवायच्या वेळी पाहते तर आईच्या खुर्चीसमोर त्यागी स्टूल घेऊन बसलेले. हातवारे चालले होते दोघांचे. त्यागींनी दोन हातांनी काहीतरी मोठं, गोल दाखवलं, मग चार बोटं खाली लोंबकळवली. आईनं टाळी वाजवली. मी समोर जाऊन ओठांनी विचारलं, काय? आई म्हणाली, "यांची म्हैस व्याली. रेडी झाली. आणि तू इतकी वर्षं यांच्याबरोबर काम करतेस, तुला म्हैस असल्याचंसुद्धा ठाऊक नाही?"

खरंच ठाऊक नव्हतं.

मग ती रोजच यायला लागली. ट्रान्सफॉर्मर बसला, फ्लॅटमधली वीज आली, तरी सकाळी माझ्या आधी तयार. डबा भरलेला, शाल हातावर. "आज थंडी जास्त असेल का गं?" असं काहीतरी उगाच विचारायची. लॅबमध्ये शिरली की तिचा चेहराच बदलायचा. तिथे सगळ्यांना तिच्यासमोरच यावं लागायचं, कारण समोर आल्याशिवाय कुणालाच काही सांगता येत नव्हतं. तिच्या हिंदीचा आनंदीआनंद होता, पण त्या कल्लोळात हिंदी काय आणि मराठी काय! ओठ, हात, भुवया. त्यात ती आम्हा सगळ्यांहून पुढे होती, बरीच वर्षं तिचा तोच तर धंदा होता. शाळेत साप निघाला तेव्हाची हकिगत तिनं सगळ्यांना करून दाखवली. साप, घाबरलेले हेडमास्तर, बाकावर चढलेला शिपाई, सगळं तीच झाली. काम थांबवून आम्ही बघत उभे. साहेब काचेपलीकडून बघत होते, तेही आत आले आणि ओठांनी म्हणाले, "फिर?"

तिनं सगळ्यांना खुणेची नावंही ठेवली. मिशीला पीळ म्हणजे त्यागी. मनगट हलवून बांगड्या वाजवल्या की शबनम. साहेब म्हणजे पोटावरून हात. आणि मी? मी म्हणजे मनगटावर बोट टकटक, घड्याळ. सगळी लॅब मला तसंच बोलवायला लागली. मी हसले, पण मला ते जरा लागलंच.

शबनमचं कुठेतरी मन जुळलं होतं आणि घरचे दुसरीकडे ठरवत होते, हे सगळ्यात आधी आईला कळलं. तसल्या आवाजात काहीही सांगा, पलीकडच्याला ऐकू जायची भीती नाही. ती आईपुढे गुडघ्यांवर बसून ओठ हलवत होती आणि आई तिचा हात धरून मान डोलवत होती. मी बघत राहिले. माझ्याशी आई घरात इतका वेळ कधी बोलली होती, ते आठवेना. हेवा वाटला मला, खोटं कशाला बोलू?

आई आता नाही. माझाही डावा कान अलीकडे मंद झाला आहे. इतकी वर्षं पंख्यांत काढल्यावर दुसरं काय होणार, डॉक्टर म्हणाले. मुक्ता बंगळुरूहून फोन करते तर मी म्हणते, व्हिडिओ लाव, तोंड बघू दे. तिला वाटतं, आईला आठवण येते. येतेच. पण तोंड बघितल्याशिवाय आता अर्धं निसटतं, हे अजून तिला सांगितलेलं नाही. आणि ती नवी गप्प मशिनं! सगळे म्हणतात केवढी सोय झाली. झाली असेल.

तर भट्टी एकदाची पार पडली. सगळी मशिनं परीक्षेला उतरली. लाकडी खोक्यांत बसली, ट्रक आला, शबनमनं प्रत्येक खोक्यावर हळदीकुंकू वाहायचा आईचा हट्ट पुरवला, आणि ट्रक गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी लॅबमध्ये शिरलो तर आत पान पडल्याचा आवाज यावा इतकी शांतता. रॅक उघडेबोडके. त्यागी दाराशी फोनवर, पाठ आमच्याकडे. शबनम पडद्यात डोकं घालून रिपोर्ट लिहीत होती, कानात गाणी. "नमस्ते आंटीजी," म्हणाली, पण खाली बघतच म्हणाली, म्हणजे आईच्या दृष्टीनं म्हणालीच नाही. कुणी वाईट वागलं नाही हो. बोलता येत होतं, म्हणून समोर यायची गरज उरली नव्हती, एवढंच. आई तिच्या खुर्चीवर बसली. इकडे बघ, तिकडे बघ. दुपारी शालीची घडी घातली आणि मला म्हणाली, "मला घरी सोड."

आता माझी अक्कल बघा. मी इंजिनीअर. कुठलंही मशीन कुरकुरलं की आधी त्याचं तापमान बघायचं, हे माझ्या हाडात भिनलेलं. मला वाटलं, हिला तिथला गारवा आवडला होता. इतक्या उन्हाळ्यात शाल घेऊन बसायला मिळालं, म्हणून ती फुलली होती! मी त्याच आठवड्यात तिच्या खोलीत एसी बसवला. वीज गेली तरी चालावा म्हणून जाड बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर. दाराच्या फटीला पट्ट्या. मिस्त्री गेल्यावर स्वतः तापमान मोजलं आणि खूश झाले. लॅबपेक्षा एका अंशानंही फरक नाही. "आता कशी आहे हवा?" मी विचारलं. "छान," आई म्हणाली. एसी वाया जाऊ नये म्हणून आम्ही तिचं दार लावून घ्यायला लागलो. आत ती, तो गारवा, आणि काही नाही. बाहेर आम्ही, आमच्या आमच्या दिशांना तोंडं करून.

त्यात एका रविवारी तिला दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या सदनात जेवायला नेलं. म्हटलं, चार मराठी माणसं दिसतील, झुणका-भाकरी मिळेल. जेवली, भाकरी चांगली होती म्हणाली. परत येताना गाडीत पुढे मी आणि संजय बोलत होतो, मागून तिला आमची डोकी दिसत असणार. घरी आल्यावर म्हणाली, "माझं मिरजेचं तिकीट काढ."

मी भडकलेच. उन्हानं आधीच जीव सळो की पळो झालेला, त्यात हे. "तिथे एकटीनं राहणार? पडलीस झडलीस तर कोण आहे?" ती म्हणाली, "कोपऱ्यावरचा वाणी आहे. मला बघितलं की हातातला तराजू ठेवून समोर येतो." "आणि आम्ही कोण? एवढा एसी लावला तुझ्यासाठी!" "मग काय एसीशी गप्पा मारू?" मी तिच्या समोर उभी राहून हातवारे करत ओरडत होते, ती मास्तरणीच्या आवाजात उत्तर देत होती, मुक्ता खोलीतून धावत आली. आणि मध्येच आई थांबली. चेहरा अगदी निवलेला. म्हणाली, "भांडताना तरी तोंड माझ्याकडे असतं तुझं. बरं वाटतं."

शहाण्या मुलीनं तिथेच तिच्या गळ्यात पडायला हवं होतं. पण आम्ही दोघी एकाच मातीच्या. ती तिकीट म्हणून बसली होती, मी काढते म्हणून बसले. काढलंही. दिल्ली कँटोन्मेंटमधल्या एका सुभेदारांचं कुटुंब गावी निघालं होतं, संजयच्या ओळखीतलं. त्यांच्याच डब्यात तिची जागा मिळाली. मधल्या दिवसांत आम्ही दोघी फार गोड वागलो. रात्री झोप नाही, दिवसा कामात लक्ष नाही. लॅबमध्ये त्यागींनी विचारलं, "माताजी नहीं आईं?" मी तोंड न उघडता, हातानंच, गावी चालली असं दाखवलं. त्यांनी मान टाकली, शबनमसारखी.

निजामुद्दीन स्टेशनवर दुपारची वेळ. फलाटाचे पत्रे तापून वास सुटलेला, हमाल, सुरया, पोरं, सगळं एकमेकांवर रेललेलं. आईला आत बसवलं, बॅग सीटखाली सारली, तिला सुभेदारीणबाईंच्या स्वाधीन केलं. त्या साताऱ्याकडच्या, प्रेमळ, पण फार भरभर बोलणाऱ्या. आई त्यांच्या तोंडाकडे बघत हसून मान हलवत होती, म्हणजे तिला एक अक्षर कळत नव्हतं. मी वाकून नमस्कार केला आणि खाली उतरले. आता घरी जायचं, तोंड धुवायचं, झोपायचं, असं स्वतःला बजावत होते.

एसीच्या डब्याची ती पिवळट काच. मी दोन्ही हातांचा आडोसा करून आत पाहिलं. आई खिडकीशी होती. मी हात हलवला. तिनं हलवला. फलाटावर सगळेच आतल्यांना खुणा करत होते, फोन कर, जेवून घे, पोचलीस की कळव. मला काय खूण करायची सुचेना. फोन कर म्हणून कसं सांगणार? तिला फोन ऐकू येत नाही. गाडी सुटली की माझ्याकडून तिच्यापर्यंत काहीच पोचणार नव्हतं, आवाजही नाही, तोंडही नाही. हे मला तिथे, त्या काचेशी कळलं, इतके दिवस तिकीटबिकीट काढताना कळलं नव्हतं.

शिट्टी झाली. आईनं इकडे तिकडे पाहिलं. काच जाड, बंद, बाहेर एवढा गोंधळ. कुणाला ऐकू जाणार नाही अशी तिची खात्री असावी. माझ्याकडे बघत ती बोलली. मोठ्यानं नाही, पुटपुटली फक्त. पण मी भट्टीत दिवस काढलेली बाई. तिचे ओठ मला छापील अक्षरासारखे दिसले.

"थांबव की गं मला."

मी धावले. दार कुठल्या बाजूला ते आठवेना, चुकीच्या दिशेला गेले, परत फिरले. "दीदी, गाड़ी छूट रही है!" हमाल ओरडला, आणि त्यानंच दंडाला धरून मला वर ढकललं. तिकीट नाही, आमची कार स्टेशनच्या पार्किंगमध्ये, पर्स खांद्याला एवढंच. माणसांच्या पायांवर पाय देत, माफ कीजिए माफ कीजिए करत मी तिच्या समोरच्या बाकावर जाऊन आदळले. फलाट मागे सरकायला लागला होता.

"अगं उतर! हलली गाडी!" आई घाबरून उठायला लागली. मी तिचे दोन्ही हात धरले आणि लॅबच्या सवयीनं नुसते ओठ हलवले. मथुरेला उतरायचं. दोघींनी.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "आवाज काढून बोल की," ती म्हणाली. "बहिरी मी आहे. तू का मुकी झालीस?"

मला कुठला आवाज निघतोय! सुभेदारीणबाई भांबावून एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. मग आईच्या दंडाला हात लावून, तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन त्यांनी एकेक शब्द सावकाश विचारला, "काय झालं हो? काही विसरलं का?"

आईनं पदरानं डोळे पुसले, ताठ बसली, आणि मैदानाच्या टोकापर्यंत जाणाऱ्या आपल्या त्या आवाजात सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "लेक न्यायला आलीय मला!"